डाव्या खांद्यावरचा धागा

आईचा हात त्याच्या खांद्याच्या चार बोटे वर, हवेत येऊन थांबला.

तिथे काहीच नव्हते. तरी तिच्या बोटांनी सवयीने एक न दिसणारा धागा चिमटीत धरला, झटकला, आणि आपण रिकाम्या हवेची झाडलोट केली हे ध्यानात येताच ती बोटे आपापसांत मिटली. चेहऱ्यावरचे हसू मात्र तसेच राहिले. ते आता कुणासाठी आहे हे त्या हसण्यालाच कळत नव्हते.

“कट,” दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच अधिक भीती वाटत होती. “आई, पुन्हा एकदा घेऊ या का?”

“घेऊ या की,” आई म्हणाली. “दुसरं करायचंय काय.”

थोरल्या मुलाचे काम करणारा तो नवा नट उंबरठ्याबाहेर परत गेला. बाहेर म्हणजे टेकू लावून उभ्या केलेल्या प्लायवूडच्या पाठीमागे. पुढून ते रंग विटलेले, माणसांनी गजबजलेले घर होते. मागून नुसत्या फळ्या, खिळे, आणि सुताराने कधीतरी खडूने लिहून ठेवलेले ‘ही बाजू वर’. तिथे एका स्टुलावर मामा हातात पेटारा घेऊन बसले होते.

“किती?” मामांनी कुजबुजत विचारले.

“काय किती?”

“खांद्याच्या वर किती गेला हात?”

“चार बोटं.”

“कुणाची? तुझी की त्यांची?” मामांनी भुवया उंचावल्या. “बोट हे काही प्रमाणित माप नाही.”

त्याला हसू आले, आणि हसल्यामुळे थोडे बरेही वाटले. मामाही त्याच्याइतकेच नवे होते. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षे झाल्यावर, सत्तराव्या वर्षी, त्यांना नट म्हणून आयुष्यातले पहिले काम मिळाले होते. प्रसंग असा होता की, परदेशी गेलेला थोरला मुलगा दोन वर्षांनी घरी परततो आणि येताना आईच्या हरवलेल्या धाकट्या भावाला सोबत घेऊन येतो. आई मुलाच्या खांद्यावरचा धागा झटकते, मग तिची नजर मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर जाते. म्हातारा विचारतो, ‘ताई, ओळखलंस का?’ आणि ती म्हणते, ‘ओळखलं.’

मामांना एवढे एकच वाक्य होते. ते त्यांनी घरी अकरा प्रकारे म्हणून पाहिले होते आणि बायकोकडून तिसरा व आठवा प्रकार मंजूर करून घेतला होता. पण सकाळपासून पाच वेळा घेतलेले हे दृश्य एकदाही त्यांच्या वाक्यापर्यंत पोचले नव्हते. दर वेळी ते पेटारा उचलून, छाती भरून, तोंड उघडण्याच्या बेतात असत, आणि दर वेळी आईचा हात हवेत अडकत असे.

सहाव्या खेपेलाही तो अडकला.

*

मालिका सोळा वर्षे चालू होती. चार हजारांवर भाग झाले होते, आणि त्यांतल्या कितीतरी भागांत थोरला मुलगा दारातून आत आला होता, कधी नोकरी लागून, कधी नोकरी जाऊन, कधी भांडून, एकदा तर चक्क मरणाच्या दारातून. आणि प्रत्येक वेळी आईने काही बोलण्याआधी त्याच्या डाव्या खांद्यावरचा एक धागा झटकला होता. धागा कधीच नसायचा. त्यातच सगळे आले. लोक त्या झटकण्याची वाट बघत. शाळांच्या फाटकांशी, दवाखान्यांच्या पायऱ्यांवर, बसथांब्यांवर माणसे एकमेकांच्या खांद्यांवरचे नसलेले धागे झटकू लागली होती.

त्या नव्या नटाला ते घरूनच ठाऊक होते. त्याचे वडील मोजून बोलणारे. कौतुक करायची वेळ आली की ते घड्याळाला किल्ली देत बसत. तो पहिल्यांदा वसतिगृहात राहायला निघाला त्या सकाळी त्यांनी त्याची पिशवी गाडीत ठेवली, त्याच्यासमोर उभे राहिले, इकडेतिकडे पाहिले, आणि मग घाईघाईने त्याच्या डाव्या खांद्यावर बोटे आपटून परत फिरले. इतर कुठलाही निरोप त्यांना येत नव्हता. हा ते मालिकेतून शिकले होते.

म्हणून, थोरल्याचे काम करणारा आधीचा नट चित्रपटांकडे वळला, सगळ्यांच्या गळ्यात पडून हसतखेळत निघून गेला, आणि त्याच्या जागी नव्या चेहऱ्याचा शोध सुरू झाला, तेव्हा हा मुलाखतीला गेला तो एका नोकरीसाठी नव्हे. त्याला त्या हाताखाली एकदा उभे राहायचे होते.

पण आधीचा चांगला उंच होता. हा चार बोटे कमी पडला.

“हे बघ,” सहाव्या खेपेनंतर दिग्दर्शक त्याला बाजूला घेऊन म्हणाला. “तू चांगला आहेस. चेहरा चांगला, आवाज चांगला. उंची काही तुझ्या हातात नाही.”

“हो सर.”

“तिच्याही हातात नाही म्हण. सोळा वर्षं एकाच जागी गेलेला हात आहे तो, त्याला आपण काय शिकवणार? पण भाग परवा रात्री जायचाय. उद्या दुपारपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर थोरला परदेशातच राहील. फोनवर बोलेल घरच्यांशी. लेखकाने तसंही लिहून ठेवलंय.”

“हो सर. फोनवर मी…”

“फोनवर आवाज कुणाचाही चालतो रे,” दिग्दर्शक म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते वाक्य लागले असावे, कारण त्याने उगीचच याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

*

चित्रीकरणाच्या दालनाबाहेरच्या बोळात एक काळा फळा होता. दुसऱ्या दिवशी कोणी किती वाजता यायचे ते सहायिका त्यावर रोज खडूने लिही. त्यावर माणसांची नावे कधीच नसत. अगदी पहिल्या वर्षी एकाच नावाचे तिघेजण निघाले होते आणि ज्याचे काम नव्हते तोच पहाटे येऊन रंग लावून बसला होता. तेव्हापासून फळ्यावर फक्त नाती लिहिली जात. आई, मोठा, धाकटी, आत्या. हळूहळू तीच हाकेची नावे झाली. दिग्दर्शकही आईला आई म्हणे, आणि वयाने आईहून मोठा असलेला शिंपीसुद्धा.

कोणी नवे आले की त्याच्या नात्याआधी ‘नवीन’ लिहायचे, अशी रीत होती. ते केव्हा पुसायचे याला नियम नव्हता. कधीतरी ते पुसलेले दिसे, इतकेच. याच्या आधी दोन ‘नवीन मोठा’ येऊन गेले होते. एक तीन दिवस टिकला, दुसरा आठ. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तेवढेही दोघांना मिळाले नव्हते. दोघांच्या बाबतीत फळ्यावरून ‘नवीन’ न पुसता सबंध ओळच पुसली गेली होती.

दुपारच्या सुट्टीत तो त्या फळ्यासमोर चहाचा कप घेऊन उभा होता. पलीकडे आपल्या खुर्चीवर आई बसली होती, भिंतीकडे तोंड करून. तिचे ओठ हलत होते. उजवा हात मांडीवरून किंचित उचलला जाई आणि पुन्हा मांडीवर पडे. ती त्याच्याशी वाईट वागली नव्हती. ती त्याच्याशी वागलीच नव्हती. चार दिवसांत तिने त्याला एकदाही नीट पाहिले नव्हते. तिची नजर त्याच्या कपाळाच्या वर कुठेतरी, मोकळ्या जागेत ठरायची, आणि तिथूनच ती त्याला संवाद म्हणायची.

“रागावल्यात का हो माझ्यावर?” त्याने मामांना विचारले.

“तुझ्यावर कशाला? तू काय केलंस?”

“मी आलो.”

मामांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. “मीही आलोय की,” ते म्हणाले. “माझ्याकडे बघून काल हसल्या त्या.”

“तुम्ही पेटारा पायावर पाडून घेतलात म्हणून.”

“कारण काही का असेना.”

*

दुपारी सुताराने तोडगा काढला. तो एक लाकडी पेटी घेऊन आला, पाटासारखी रुंद आणि बुटकी. मामांनी खिशातून मोजपट्टी काढली; ती त्यांच्या खिशात कायम असे, जशी इतरांच्या खिशात किल्ली असते. “सात सेंटिमीटर, वर दोन मिलिमीटर,” त्यांनी जाहीर केले. “चालेल.”

पेटी उंबरठ्याच्या आत, खुणेवर ठेवली गेली. कॅमेरा कमरेच्या वरच राहणार होता. आता त्याने दारातून यायचे, न बघता पेटीवर पाय ठेवायचा, वर चढायचे आणि चेहऱ्यावर दोन वर्षांची ओढ आणायची होती. पहिल्या वेळी तो ठेचकाळला. दुसऱ्या वेळी व्यवस्थित चढला, पण दिव्यांपाशी उभा असलेला माणूस म्हणाला, “अरे, घरी येतोयस की बसमध्ये चढतोयस?” आणि सगळे हसले. तोही हसला. हसताना त्याचे कान तापले.

तिसऱ्या वेळी सगळे जुळून आले. त्याचा पाय न चुकता पडला, खांदा जिथे असायला हवा तिथे आला, आईचा हात उठला, आला, आणि बरोबर डाव्या खांद्यावर पडला. धागा झटकला गेला. तिच्या नजरेला नजर भिडली, कारण आता त्याचे डोळे त्याच उंचीवर होते जिथे इतकी वर्षे कुणाचे तरी डोळे असायचे. त्या नजरेत काय नव्हते? सगळे होते. आणि त्याच क्षणी त्याला लख्ख जाणवले की, त्यातले काहीही आपल्यासाठी नाही. तो एका भाड्याच्या उंचीवर उभा होता आणि खाली, चार बोटे खाली, त्याची स्वतःची जागा मोकळी पडली होती.

“झकास,” दिग्दर्शक म्हणाला. “उद्या सकाळी हेच करायचं, असंच्या असं. आजची तालीम पुरे, वेळ संपली.”

आईने पेटीकडे पाहिले. मग ती चष्मा शोधत निघून गेली. तो तिच्या गळ्यातच होता.

परतताना तो आणि मामा एकाच थांब्यावर उभे होते. ऊन उतरले होते आणि समोरच्या दुकानाच्या काचेत दोघे शेजारीशेजारी दिसत होते, एक वाकलेला आणि एक विनाकारण वाकलेला.

“सुटलास,” मामा म्हणाले.

“हो.”

“मग तोंड का असं?”

त्याने रस्त्याच्या टोकाकडे पाहिले. बस येत नव्हती.

“मी तेहतीस वर्षं काटे तपासले,” मामा म्हणाले. “दुकानदार काय करायचे ठाऊक आहे? एका पारड्याखाली चिठ्ठी सरकवायचे. कागदाची घडी असते एवढीशी. काटा अगदी मधोमध. कुणी म्हणणार नाही की खोट आहे.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“चिठ्ठी काढायचो, शिक्का मारायचो आणि शिव्या खायचो.” मामा मजेत हसले. “तेहतीस वर्षं शिव्याच खाल्ल्या. म्हणून तर म्हातारपणी म्हटलं, जरा टाळ्या खाऊन बघू या. पण इथे वाक्यच येत नाही रे माझं.”

*

दुसऱ्या दिवशी तो दीड तास आधी पोचला. झोप लागली नव्हती असे नाही. पण झोपेतही तो पायरी चढत होता. पेटीची चाल पायात बसावी म्हणून एकट्याने चारदोनदा येजा करून पाहावी, असा त्याचा विचार होता.

दालनात मोठे दिवे लागलेले नव्हते. एकच साधा दिवा दाराच्या चौकटीवर सोडलेला होता आणि त्याच्या उजेडात तो स्वतःच उभा आहे असे त्याला क्षणभर वाटले. तो त्याचा शर्ट होता. कालचा निळा, प्रसंगातला. चौकटीला दोरी बांधून, हँगरला अडकवून, तो उंबरठ्यात टांगलेला होता. शेजारी स्टुलावर शिंपी बसला होता, गळ्यात फीत अडकवून. आणि घरातून आई येत होती.

ती आली, शर्टासमोर थांबली, हात उचलला. हात कॉलरच्याही वर, हवेत गेला.

“अजून खाली, आई.”

“माहीत आहे रे मला. हाताला सांग.”

ती परत गेली. परत आली. तो फळ्यांच्या रचलेल्या थप्पीमागे जिथे होता तिथेच थबकला.

“झाले की साठ-पासष्ट वेळा,” शिंपी म्हणाला. “बसा जरा.”

“खोटं बोलू नकोस. मी मोजतेय. एक्केचाळीस.” तिने पुन्हा हात उचलला. “शिवण उतरते तिथेच ना त्याचा खांदा?”

“तिथेच. माप माझं आहे.”

“बघ, काल त्या पोराला घरात यायला पाय उचलावा लागला. आपल्या घरात कुणी असं आलंय का कधी? सगळे हसले, आणि तो बिचारा त्यांच्यात हसला.” हात हवेत गेला, थांबला, आणि नाइलाजाने खाली आला. “चार दिवस याला तोंड दाखवायची लाज वाटतेय मला. बघितलं की हात चुकतो, म्हणून बघतच नाही.”

शिंप्याने फीत बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. “पहिल्या दिवशी उलटं झालं होतं,” तो म्हणाला. “आठवतं? तेव्हा हात वर जाईना.”

“आठवत नाही कसं. कागदावर लिहिलं होतं, ‘आई मुलाच्या डोक्यावरून हात फिरवते.’ आणि आला तो ताडमाड! मी हात नेला तर पोचेचना. त्याला वाकायचं सुचलं नाही. त्याचाही पहिलाच दिवस, खुणेवरून हलायचं नाही म्हणून कुणीतरी दम दिलेला. कॅमेरा चालू. मग खांद्यावर धागा आहे असं दाखवलं आणि सुटले.”

“आणि लोकांनी उचलून धरलं.”

“चूक होती रे ती. सोळा वर्षं माझ्या चुकीचं कौतुक चाललंय.” आणि आई हसली. त्याने तिला मालिकेबाहेर हसताना प्रथमच ऐकले. ते हसणे थोडे जाडेभरडे होते, आणि फार सुंदर होते.

“मग आता?”

“आता काय. लोक धाग्याची वाट बघतात, तर धागाच. ते पांढरं सूत लाव बरं तिथे. डोळ्याला दिसलं की हात ऐकेल.”

शिंप्याने आपल्या बाहीवरचा एक धागा काढून शर्टाच्या डाव्या खांद्यावर ठेवला. फळ्यांच्या थप्पीमागे तो आल्या पावली मागे सरला. सरताना त्याचा कोपर थप्पीतल्या एका फळीला लागला आणि ती हलकेच वाजली. आईने मागे वळून पाहिले नाही. “बेचाळीस,” ती म्हणाली.

बाहेरच्या पायरीवर तो तास-सव्वा तास बसून राहिला. उन्हाचा एक तुकडा त्याच्या बुटांपासून निघून गुडघ्यांपर्यंत चढला. शेवटी मामा आले, पेटारा नसतानाही तो हातात असल्यासारखे चालत, आणि ओठांतल्या ओठांत चौथा प्रकार म्हणत.

*

“सगळे जागेवर,” सहायिकेने आवाज दिला.

सुताराने पेटी आणून खुणेवर ठेवली. नवा मोठा उंबरठ्याबाहेर निघाला होता, तो थांबला. त्याने बुटाच्या टोकाने पेटी हळूच ढकलली. ती सरकत सरकत भिंतीपाशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी जाऊन टेकली. प्लायवूडच्या मागून मामांनी डोके बाहेर काढले.

“चिठ्ठी काढलीस?” त्यांनी कुजबुजत विचारले.

“पेटी कुठे गेली?” दिग्दर्शक पडद्यामागून म्हणाला.

‘हो सर’ हे शब्द त्याच्या जिभेवर नेहमीप्रमाणे आले होते. ते त्याने गिळले.

“सर,” तो म्हणाला, “मी खालीच उभा राहतो.” आवाज फारसा उमटला नाही, पण दालन शांत होते.

“अरे, पण काल एवढं…”

“राहू दे त्याला खाली,” आई म्हणाली.

आणि तिने त्याच्याकडे पाहिले. कपाळाच्या वर नव्हे. किती सोपे होते ते; डोळे चार बोटे खाली आले, एवढेच.

दार लोटून तो आत आला. मागे मामा, पेटाऱ्यासकट. आई स्वयंपाकघराच्या बाजूने आली, त्याला पाहून थांबली, मग पुढे आली. डाव्या खांद्यावर सकाळचे पांढरे सूत तसेच होते. शिंप्याने ते मुद्दाम राहू दिले होते. तिचा हात उठला. तो आला, आणि बेचाळीस वेळा किंवा त्याहून जास्त शिकवूनही, जिथे सोळा वर्षे जात होता तिथेच गेला. खांद्याच्या वर, त्याच्या कानापाशी, हवेत थांबला.

कुणीतरी श्वास रोखल्याचे ऐकू आले. तिची बोटे त्याच्या इतक्या जवळ होती की त्यांना साबणाचा वास येतो हे त्याला कळत होते. त्यांना खाली यायचे होते आणि येता येत नव्हते. खुणेवरून हलायचे नाही हे त्यालाही सांगितलेले होते. तो हलला नाही. त्याने फक्त मान खाली घातली. फार नाही.

हात खाली आला नाही. तो आणखी वर गेला. आईच्या टाचा जमिनीवरून किंचित उचलल्या गेल्या, आणि हात त्याच्या डोक्यावर येऊन टेकला. टेकला आणि मग केसांवरून मागे फिरला, सावकाश, कागदावर लिहिल्याप्रमाणे. पुन्हा एकदा फिरला. तेवढे कागदावर नव्हते.

आता मामांचे वाक्य होते.

मामा तिथेच होते. पेटारा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, तोंड उघडे, डोळे भरून आलेले. अकरा प्रकारांतला एकही प्रकार तिथे नव्हता. एक क्षण गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. कॅमेरा चालू होता. दिव्यांपाशी उभा असलेला माणूस आपल्या चपलांकडे बघत होता.

“ओळखलं,” आई म्हणाली.

तिला कुणी काही विचारले नव्हते. तिचा हात अजून त्याच्या डोक्यावरच होता.

‘कट’ यायला इतका वेळ लागला की तो येईल याचा सगळ्यांना विसर पडला होता. दिग्दर्शकाने कानांवरचे यंत्र काढून गळ्यात अडकवले.

“सर,” सहायिका वही चाळत हळूच म्हणाली, “धागा राहिला.”

“राहिला खरा,” दिग्दर्शक म्हणाला. मग त्याने घसा साफ केला. “मामा, तुमचं वाक्य?”

“हो,” मामा म्हणाले.

“कुठे गेलं?”

“इथेच होतं हो.” मामांनी पेटाऱ्याकडे पाहिले, जणू त्यात सापडेल.

आधी आई हसली, तसेच जाडेभरडे, मोकळे. मग सगळे दालन हसले. त्या हसण्यात तोही होता. कान तापले नाहीत.

*

संध्याकाळी फळ्याभोवती दोघेतिघे जमले होते. मामा सगळ्यांच्या पुढे, चष्मा कपाळावर सरकवून.

“हा अन्याय आहे,” ते म्हणत होते. “आम्ही दोघं एकाच दिवशी आलो, एकाच दारातून आलो. मग?”

फळ्यावर लिहिले होते: आई, नऊ वाजता. मोठा, नऊ वाजता. नवीन मामा, साडेनऊ.

“तुमचं वाक्य बाकी आहे, मामा,” सहायिका म्हणाली. “उद्या तुमचं एकट्याचं घेणार आहेत. ते झालं की बघू.”

“आणि याचं?”

“याचं मी नाही पुसलं बाई. मी वेळा लिहायला आले तेव्हा असंच होतं.”

‘मोठा’च्या आधी एक काळपट पट्टा होता, ओला फडका फिरवल्यासारखा. अजून पुरता वाळला नव्हता. तो त्या पट्ट्याकडे पाहत राहिला. मामांनी सातवा प्रकार सुरू केला होता आणि आत्याचे काम करणाऱ्या बाई त्यांना सांगत होत्या की, मामा, भाऊ म्हणून विचारा, वसुलीला आल्यासारखे नको.

“वाट द्या,” मागून आवाज आला. आई घरी निघाली होती, खांद्याला पिशवी, हातात चष्मा. सगळे बाजूला झाले. ती त्याच्यापाशी येऊन थांबली नाही; चालता चालताच तिचा हात उठला, तिने त्याकडे पाहिलेही नाही, आणि तो त्याच्या साध्या, घरच्या शर्टाच्या डाव्या खांद्यावर, शिवण उतरते तिथे, बरोबर पडला. एक धागा झटकला गेला.

“येते रे, मोठ्या,” ती म्हणाली. दारापाशी पोचल्यावर तिला काहीतरी आठवल्यासारखे झाले. “उद्या नऊला ये. आजच्यासारखं फार लवकर नको.”